इंदूरमध्ये जुन्या मालाचं दुकान काढताना: गुमास्ता, निगम, ठाणं आणि खरेदीची वही

खजुरी बाजारात जुनी पुस्तकं मांडणारा, जेल रोडवर वापरलेले मोबाइल घेणारा-विकणारा आणि रामबागेत घराच्या पुढच्या खोलीत जुने फ्रिज दुरुस्त करून विकू पाहणारा, तिघंही एकच विचारतात: सेकंड हँडचं लायसन कुठून काढायचं? उत्तर तिघांना वेगळं आहे. सगळ्या जुन्या मालाला पुरेल असा एकच कागद आपल्याकडे नाही. दुकानाचा एक, जागेचा एक, कराचा एक, आणि मग मालाच्या जातीप्रमाणे आणखी काही. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर कुणी 'सगळं एकत्र करून देतो' म्हणाला, तर नेमके कोणते कागद काढणार ते आधी लिहून घ्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, हे तर लक्षात असूच द्या.

दुसरी गोष्ट कियोस्कवाला सांगणार नाही. सगळे कागद फ्रेम करून भिंतीवर लावले आणि दुकानात चोरीचा माल निघाला, तर त्यातला एकही कागद तुमच्या बाजूने बोलत नाही. तिथे बोलते ती खरेदीची वही. म्हणून कागदांचं लवकर आटोपतो आणि वहीकडे सावकाश येतो.

गुमास्ता

मध्य प्रदेश दुकान व स्थापना अधिनियम, १९५८ खालची नोंदणी म्हणजे गुमास्ता. ती श्रम विभागाकडे होते, निगमाकडे (महापालिकेकडे) नाही. पहिली गल्लत इथेच होते. धंदा सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत श्रम विभागाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा आणि नोकरांची संख्या, एवढ्यावर काम होतं.

अडतं ते लहान गोष्टींवर. धंद्याच्या रकान्यात लोक 'इलेक्ट्रॉनिक्स' किंवा 'जनरल' लिहून मोकळे होतात. तिथे स्पष्ट लिहा: 'जुन्या (वापरलेल्या) वस्तूंची खरेदी, विक्री व दुरुस्ती', आणि पुढे कोणत्या वस्तू तेही. बँकेत चालू खातं उघडताना, जीएसटीत आणि ठाण्यात हाच मजकूर वाचला जातो. 'इलेक्ट्रॉनिक्स' लिहिलेल्या दुकानात बिल नसलेले तीस मोबाइल दिसले, की पहिला प्रश्न 'हे नवे की जुने' असा नसतो, 'कुठून आणले' असा असतो.

नावाचं स्पेलिंग पॅन, आधार आणि बँक तिन्हीकडे एकच हवं. 'देशपांडे'चं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारे असेल, तर आधी आधार आणि पॅन जुळवून घ्या. पत्ता संपत्तिकराच्या पावतीवर आहे तसाच उतरवा, वॉर्ड क्रमांकासकट. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत आणि बोलीतल्या वस्तीचं नाव अन् निगमाच्या दप्तरातलं नाव एक असेलच असं नाही.

गोदाम वेगळ्या जागी असेल तर तेही दाखवा. जुन्या मालाच्या धंद्यात दुकान दहा बाय बारा आणि माल मात्र मामाच्या वाड्यात, अशीच रचना असते. तो वाडा एकाही कागदावर नसेल, तर तपासणीच्या दिवशी तिथला माल 'लपवलेला' ठरतो.

निगमाचा व्यापार परवाना

हा मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ खालचा. अर्ज ऑनलाइन होतो, पण फाइल पाहतं ते निगमाचं तुमच्या भागातलं झोन कार्यालयच. काही अडलं तर शिवाजी मार्केटच्या मुख्यालयात जाण्याआधी आपल्या झोनवर जा. कागद: गुमास्ता, ओळखपत्र, पॅन, भाडेकरार, घरमालकाचं संमतिपत्र, संपत्तिकराची चालू वर्षापर्यंतची पावती आणि जागेचं क्षेत्रफळ. फी क्षेत्रफळ आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवर बेतलेली असते, म्हणून फीत लावून आतल्या बाजूने मापून घ्या. अंदाजाने '२०० फूट' लिहिलं आणि निरीक्षकाने ३१० मोजलं, की फरकाच्या रकमेसोबत अर्जही मागे पडतो.

खरी अडचण घरमालकाची. तो संमतिपत्राला टाळाटाळ करतो ती तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. संपत्तिकर वापरानुसार लागतो, आणि त्याने ती खोली निवासी दाखवून कर भरलेला असतो. तुम्ही व्यापार परवान्याचा अर्ज केला की ती खोली दुकान आहे हे निगमाला कळतं. हे आधीच मोकळेपणाने बोला आणि वाढणारा कर कोण भरणार ते भाडेकरारात लिहा. कचरा शुल्काची थकबाकीही याच वेळी वर येते. जुन्या भाडेकरूची थकबाकी असेल तर ती मालकाकडून आधी भरून घ्या, मगच अनामत द्या.

घरातच दुरुस्तीचं काम चालणार असेल तर विजेचं मीटर पाहा. घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे आणि आकारणी त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट होते. दोन काँप्रेसर तपासायला लावले की बिल वाढतं आणि बिल वाढलं की पथक येतं.

फुटपाथवर कूलर आणि सोफे मांडू नका. निगमाची अतिक्रमण हटवणारी (रिमूव्हलची) गाडी आली की परवाना दाखवून उपयोग नसतो; परवाना आतल्या जागेचा असतो. कचऱ्याचंही तसंच. सोफ्यातला फोम, थर्माकोल, फुटलेली काच आणि जळालेली सर्किटं सकाळच्या गाडीत एकत्र टाकता येत नाहीत, इथे सहा प्रकारचं वर्गीकरण चालतं. वजनावर भंगार घेत असाल तर काटा वैधमापन विभागाकडून मुद्रांकित करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. दुकान नसेल, हाटात किंवा रस्त्याकडेला बसत असाल, तर गोष्ट पथविक्रेता अधिनियम, २०१४ च्या विक्री प्रमाणपत्राची, आणि ते निगमाकडूनच येतं.

ठाण्याला कळवणं

इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त पद्धत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं कलम १४४) पोलीस आयुक्त आदेश काढून जुन्या मोबाइल-वाहनांच्या व्यापाऱ्यांना विक्रेत्याची ओळख नोंदवायला सांगू शकतात. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त दोन महिने चालतो, म्हणून मागच्या वर्षीची झेरॉक्स जपून ठेवण्यात अर्थ नाही, चालू आदेश पाहावा लागतो. मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं.

आदेश असो वा नसो, दुकान उघडताना आपल्या ठाण्याच्या टीआयच्या (ठाणे प्रमुखाच्या) नावाने एक साधं पत्र द्या. हिंदीत, एका पानाचं: दुकानाचं नाव, पत्ता, गोदामाचा पत्ता, मालक व नोकरांची नावं, कोणत्या वस्तू घेता, वही कुठे ठेवलेली असते. सोबत गुमास्त्याची प्रत. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवकचा शिक्का व तारीख घेऊन परत आणायची. शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र न दिल्यासारखंच. हे पत्र म्हणजे परवाना नव्हे, पण पुढे कधी 'हा माणूस गुपचूप धंदा करत होता' असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार असतं.

मालाची जात

जुनी पुस्तकं सगळ्यात सुखाची. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि फक्त करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक मात्र 'रद्द'चा शिक्का पाहिल्याशिवाय घेऊ नका. ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं, पोथ्या आल्या तर थांबा, त्याचं पुढे सांगतो.

मोबाइलला सगळ्यात जास्त जपावं लागतं. *#०६# लावून १५ आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. सिमच्या ट्रेवर किंवा खोक्यावर क्रमांक असेल तर तो पडद्यावरच्याशी ताडून पाहा. मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, किंवा इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवून तपासा. ब्लॅकलिस्ट, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर फोन परत द्या, कितीही स्वस्त असो. २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर जुन्या फोनच्या व्यवहाराआधीची ही तपासणी सल्ल्यापुरती राहिलेली नाही. आयएमईआय बदलणं हा दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'फ्लॅश करून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला दुकानात बसू देऊ नका.

फॅक्टरी रिसेट विक्रेत्याने तुमच्यासमोर स्वतःच्या पासवर्डने करावा. 'पासवर्ड आठवत नाही, तुम्हीच तोडा' हे वाक्य ऐकलं की व्यवहार संपला. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्सचं लॉक असतं आणि ते रिसेटनंतर पुन्हा उगवतं. म्हणून रिसेटनंतर वाय-फाय जोडून फोन पूर्ण सुरू होईपर्यंत पैसे देऊ नका.

लॅपटॉपच्या तळाचा सिरियल क्रमांक बायोसमधल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. कंपनीच्या मालमत्तेचं स्टिकर, किंवा ते खरवडल्याची खूण दिसली तर कंपनीचं विक्रीपत्र मागा. जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्याला ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. सूक्ष्म उद्योग त्यातून वगळलेले आहेत, आणि उद्यम नोंदणीचा खरा उपयोग इथे होतो. मेलेले बोर्ड आणि बॅटऱ्या मात्र नोंदणीकृत रीसायकलरलाच द्या आणि पावती ठेवा.

गाड्यांचा धंदा पूर्ण वेगळा. आधीच नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या वाहनांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन विभागाचं अधिकारपत्र लागतं: अर्ज फॉर्म २९-ए, प्रमाणपत्र २९-बी, मुदत पाच वर्षं. मालक गाडी तुमच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९-सी पोर्टलवर भरला जातो आणि तिथून गाडीची जबाबदारी तुमची. तो न भरता गाडी ठेवून घेतली आणि ती कुठे धडकली, तर जुना मालक, तुम्ही आणि विमा कंपनी तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहता. गाडी ट्रायल, सर्व्हिस, फिटनेस एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. भाच्याच्या वरातीसाठी नाही. अर्जाचं काम नायता मुंडल्याच्या आरटीओकडे. घेण्यापूर्वी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) डिजिटल पोलीस पोर्टलवर चोरीची नोंद तपासा, शिवाय कर्जाची नोंद आणि थकलेली चलानं. आणि गाडी कापून भंगारात विकण्याचा विचार असेल तर सोडा: ते काम २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्राचंच.

धातूच्या भंगारात तांबं सगळ्यात धोक्याचं. जाळून सोललेली तार म्हणजे वीज कंपनीची, रेल्वेची किंवा कुणाच्या तरी बोअरची. चोरलेल्या वीजतारा-साहित्याला वीज कायद्याचं कलम १३७ आहे, रेल्वेच्या मालाला १९६६ चा वेगळा कायदा, आणि त्यात माल नुसता ताब्यात असला तरी तो कायदेशीर कसा हे तुम्हाला दाखवावं लागतं. गॅस सिलिंडर, गटाराची झाकणं, रस्त्याचे फलक, मीटर: किंमतच विचारू नये.

आता घरच्या वस्तू. इंदूरच्या जुन्या मराठी वाड्यांतून हंडे, घंगाळं, बंब, कोरीव चौकटी, होळकरशाही नाणी निघतात. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, इमारतीतून काढलेला कोरीव भाग, आणि ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. त्यांच्या विक्रीचा धंदा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय करता येत नाही. निगमाचा परवाना तिथे चालत नाही. 'अँटिक' अशी पाटी लावून परवान्याचं विचारलं की 'अहो, हे तर नवंच आहे' म्हणायचं, ही कसरत करू नका. साध्या जुन्या फर्निचरला 'जुनं फर्निचर' म्हणा. हस्तिदंत, सांबरशिंगं, कातडी ही आजोबांच्या काळची असली तरी घेऊ नका. तलवारी आणि जंबिये शस्त्र कायद्यात येतात.

भांड्यांची मोड घेणाऱ्यांसाठी एक सोपी कसोटी आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. पातेल्यावर एका आडनावाच्या लग्नाची तारीख आणि विकणारा भलत्याच आडनावाचा, तर विचारा. उत्तर पटलं तरी कोरलेला मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवा.

एक वाट तर पूर्ण बंद ठेवा. 'माल ठेवा, महिन्याने पैसे परत देऊन सोडवीन' हा व्यवहार खरेदी नव्हे, गहाण आहे, आणि त्यावर वरचे पैसे घेतले की सावकारी होते. तिला १९३४ च्या सावकारी कायद्याचा वेगळा परवाना लागतो.

जीएसटी

फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी. महाराष्ट्रात किंवा राजस्थानात माल पाठवलात तर ही मर्यादा लागू नाही, नोंदणी घ्यावीच लागते. मर्यादा मोजताना नुसता नफा धरू नका, पूर्ण विक्री धरा.

नोंदणी झाली की जुन्या मालाला नियम ३२(५) ची सोय आहे: कर पूर्ण किमतीवर नाही, विक्री आणि खरेदी यांतल्या फरकावर. वस्तू आहे तशी किंवा तिचं रूप न बदलेल इतक्या किरकोळ दुरुस्तीनंतर विकलेली हवी, आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नको. फ्रिज ६,००० ला घेतला, ८,५०० ला विकला: फरक २,५००, त्यावर १८ टक्के म्हणजे ४५०. तोच ५,५०० ला गेला तर कर शून्य, पण तो ५०० चा तोटा दुसऱ्या फ्रिजच्या नफ्यातून वजा होत नाही. प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा. म्हणजे प्रत्येक वस्तूची खरेदी किंमत कागदावर दाखवता आली पाहिजे. ती नसेल तर अधिकारी पूर्ण ८,५०० वर कर लावायला मोकळा.

दुसरी वाट कंपोझिशनची, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठरावीक दराच्या कराची: व्यापाऱ्याला विक्रीच्या १ टक्का. गणित करून पाहा: फरक विक्रीच्या साधारण साडेपाच टक्क्यांहून जास्त असेल तर कंपोझिशन स्वस्त पडते, आणि जुन्या फर्निचरमध्ये तो असतोच. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर विकता येत नाही. जेल रोडच्या मोबाइलवाल्याचा नफा प्रति नग तीन-चार टक्के असेल आणि अर्धा माल बाहेर जात असेल, तर त्याला फरकाची पद्धतच बरी. गाड्यांवर जानेवारी २०२५ पासून फरकावर सरसकट १८ टक्के आहेत. आणि नोंदणी असलेल्याने नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्यावरचा कर घेणाऱ्यानेच भरायचा आहे.

आयकरात रोखीचा एक नियम रोज आडवा येतो: एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर ती खरेदी खर्चात धरली जात नाही. तिथे यूपीआय किंवा चेक.

खरेदीची वही

बांधलेली, पानांवर छापील क्रमांक असलेली वही घ्या. सुटी पानं, डायरी, मोबाइलमधली शीट चालेल, पण जोडीला; मूळ वही कागदाचीच. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. व्हाइटनर लावलेली नोंद म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा.

एका खरेदीला एक ओळ पुरत नाही, अर्धं पान द्या. अनुक्रमांक, तारीख, वेळ. विक्रेत्याचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पत्ते दोन: ओळखपत्रावरचा आणि सध्या राहतो तो. इंदुरात शिकायला आलेल्या मुलांचं आधार खरगोन-खंडव्याचं असतं आणि मुलगा भंवरकुव्याला खोली घेऊन असतो. पुढे शोधायचा तर ती खोलीच कामाची. फोन नंबर लिहिल्यावर लगेच मिस कॉल द्या, समोर वाजला पाहिजे. ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे. आधारची प्रत ठेवायची तर झाकलेल्या क्रमांकाची. मग वस्तूचं वर्णन, किंमत, पैसे कसे दिले (यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांक), सही. डाव्या बाजूला खरेदी, उजवीकडे तेवढीच जागा विक्रीसाठी: तारीख, ग्राहकाचं नाव, फोन, बिल क्रमांक.

वर्णनातच बहुतेक वह्या नापास होतात. 'जुना फ्रिज, राखाडी' ही नोंद शंभर फ्रिजना लागू पडते, म्हणजे एकालाही नाही. असं लिहा: 'दोन दारी फ्रिज, २५३ लिटर, मॉडेल अमुक, सिरियल अमुक, खालच्या दाराला उजवीकडे पोचा, भाजीचा ट्रे नाही, काँप्रेसर चालू'. फ्रिजचा सिरियल सहसा आतल्या भिंतीवर भाजीच्या ट्रेजवळ किंवा पाठीमागे, वॉशिंग मशीनचा पाठीमागे किंवा दाराच्या कडेला, सायकलचा पेडलच्या दांड्याखाली फ्रेमवर. क्रमांक घासलेला दिसला तर 'क्रमांक नाही' लिहून घेण्यापेक्षा वस्तू न घेतलेली बरी. वहीतला अनुक्रमांक चिकटपट्टीवर लिहून वस्तूला लावा, आणि विक्रेता व वस्तू एकत्र दिसतील असा फोटो त्याच क्रमांकाने साठवा.

सोबत खरेदीची चिठ्ठी, दोन प्रतींत, हिंदीत छापलेली, कारण ठाण्यात आणि कोर्टात तीच वाचली जाते. मजकूर तीन वाक्यांचा: वस्तू माझ्या मालकीची आहे, तिच्यावर कर्ज, हप्ता वा गहाण नाही आणि ती चोरीची नाही, ठरलेली रक्कम मिळाली. खाली सही किंवा अंगठा. मूळ बिल असेल तर त्याची प्रत. बिल नसेल तर 'बिल नाही, कारण अमुक' असं विक्रेत्याच्याच हाताने लिहून घ्या. १८ वर्षांखालच्या मुलाकडून काहीही घेऊ नका. त्याच्याशी केलेला करारच टिकत नाही, चिठ्ठी मग नुसतं रंगवलेलं पान.

घेतलेली वस्तू लगेच विकू नका. आदेशात वेगळी मुदत नसेल तर मोबाइल-लॅपटॉप १५ दिवस, बाकी माल आठवडाभर बाजूला ठेवावा असं माझं मत आहे. कारण सरळ आहे: फोन चोरीला गेलेला माणूस आधी शोधतो, मग तक्रार करतो, मग ब्लॉक करतो. खरेदीच्या संध्याकाळी स्वच्छ दिसलेला आयएमईआय चार दिवसांनी ब्लॅकलिस्टमध्ये दिसू शकतो. विकण्याच्या दिवशी पुन्हा तपासा आणि दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट ठेवा.

पोलीस आले तर

चोरीचा माल घेणं हे न्याय संहितेचं कलम ३१७: चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद, नेहमीचाच धंदा ठरला तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. सगळी लढाई 'मानायला कारण होतं का' याच शब्दांवर होते. बाजारात १८,००० ला जाणारा फोन ३,००० ला, रात्री साडेदहाला, चार्जरशिवाय घेतलेला असेल, तर कारण वहीतच लिहिलेलं आहे. उलट योग्य भाव, यूपीआय, फोटो आणि आयएमईआयची तपासणी असेल, तर तुम्ही बहुधा साक्षीदार राहता.

पोलीस वस्तू नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्त करू शकतात, अडवू नका. जप्तीपत्रकाची प्रत मागा आणि त्यात सिरियल क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते सही करण्याआधी वाचा. वहीच्या त्या पानाची स्वसाक्षांकित झेरॉक्स द्या. मूळ वही मागितली तर लेखी नोटीस (त्याच संहितेचं कलम ९४) किंवा जप्तीपत्रक घेऊनच द्या, आणि देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढा. मूळ वही नेली गेली तर त्याच दिवशी नवी वही पुढच्या क्रमांकापासून सुरू करा.

वस्तू परत मिळेल ही आशा मात्र ठेवू नका. माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम २७ सांगतं की ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही. तुम्ही प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजली तरी नाही. न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर) वस्तू सहसा मूळ मालकाकडे जाते. तुमचा दावा विकणाऱ्यावर राहतो: त्याच कायद्याचं कलम १४ विकण्याचा हक्क असल्याची हमी गृहीत धरतं, शिवाय फसवणुकीची तक्रार वेगळी. दोन्हीसाठी माणूस सापडावा लागतो, म्हणून ते दोन पत्ते.

वस्तू तुम्ही आधीच पुढे विकली असेल तर कलम १४ तुमच्यावरही चालतं. ग्राहकाला पूर्ण रक्कम बँकेतून परत करा, जीएसटी भरला असेल तर क्रेडिट नोट काढा, आणि वहीत उजव्या बाजूला जप्तीची तारीख, ठाणं, गुन्हा क्रमांक लिहून त्या नोंदीसमोर ग्राहकाची सही घ्या.